पनीर मागवायचं नाही

वहिनी, अहो वहिनी! गॅस बारीक करा आणि या जरा भिंतीपाशी. नाही हो, कढीपत्ता नकोय, परवा दिलात तो आहे अजून. शनिवारी रात्री आमच्याकडे कुलूप होतं ना? तुम्ही सकाळी यांना विचारलंत, तर म्हणे कामाला गेलो होतो. काम कसलं डोंबलाचं! हुमायूंपूरला पोर्क खायला गेलो होतो. म्हणजे त्यांनी खाल्लं. मी नुसता रस्सा चाखला. हळू, हळू! वरच्या मजल्यावर ऐकू जाईल.

अहो, तो जेवणाचा ग्रुप. लेकीने माझं नाव परस्पर घालून टाकलं. "आई, रिटायर झालीस, आता मदर डेअरी आणि मालिका एवढंच करणार का?" असली तिची भाषा. महिन्यातल्या एका शनिवारी सहा-आठ जण जमायचं, कुठल्यातरी नव्या ठिकाणी जेवायचं, बिल समान वाटून घ्यायचं. बी ब्लॉकमधले ते बंगाली काका आहेत, मल्याळी नवरा-बायको आहेत (ती नर्स आहे), जेएनयूची दोन पोरं, आणि आपल्या फ्लॅटांशेजारच्या जुन्या गावात भाड्याने राहणारी एक मणिपुरी मुलगी. एक सरदारजी येतात, ते मात्र येतात आणि सगळ्यांना जेवणापेक्षा किस्से जास्त वाढतात.

भिशी? छे हो. भिशीत कुणाचा नंबर लागला, कुणी सोन्याचं काय केलं, हेच चालतं. इथे पहिला नियम असा की जे घरी होतं ते मागवायचं नाही. दुसरा, पनीर कोणत्याही अवतारात मागवायचं नाही. सरदारजी या नियमावर अजून रुसलेले आहेत.

आणि खरं सांगू का, यात हिशोब आहे हो. आपण दोघं बाहेर गेलो की काय मागवतो? एक भाजी, एक डाळ, रोटी. नवीन काही मागवायला जीव धजत नाही, आवडलं नाही तर पैसे फुकट. आठ जण बसले की दहा पदार्थ येतात, त्यातले दोन फसले तरी कुणाचं काही बिघडत नाही. मी वीसेक वर्षं कर्नाटक संघात जाते, ते आपलं राव तुलाराम मार्गावरचं हो. दर वेळी मसाला डोसा. ग्रुपबरोबर गेले तेव्हा पहिल्यांदा बाकीचा मेनू वाचला.

मणिपुरी मुलीची गंमत सांगते. ती म्हणाली, आंटी, तुम्ही इथे एवढी वर्षं राहता, आमच्या गल्लीत कधी आलात? आता काय सांगू तिला? डीडीएच्या फ्लॅटांतून गावात उतरायचं ते शिंप्याकडे, नाहीतर चपला सांधायला. गाव टोकस जाटांचं, वर चार-चार मजले चढवून भाड्याने दिलेले, आणि त्या मजल्यांवर इंफाळ, कोहिमा, ऐझॉल. आपण मेट्रो झाली म्हणून पेढे वाटले २०१८ला, आणि त्या स्टेशनात चढणारी निम्मी पोरं काय जेवतात ते माहीत नाही. जेएनयूच्या पोरांना विचाराल तर ती लगेच पुष्पेश पंतांचं नाव घेतात. शिकवायचे आंतरराष्ट्रीय संबंध आणि लिहायचे खाण्यावर, २०१० साली भारतभरच्या पाककृतींचं हे एवढं जाडजूड पुस्तक काढलं. मी म्हटलं, बाबांनो, पुस्तक राहू द्या, मला गल्ली दाखवा.

तर त्या मणिपुरी मुलीने तिच्या गल्लीत नेऊन आधी सिंजू खायला घातलं. कोबी इतका बारीक चिरलेला की केसासारखा, त्यात कमळकाकडीच्या चकत्या, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, मीठ आणि लाल तिखट. हाताने चुरून चुरून कालवायचं. सहसा त्यात 'ङारी' म्हणजे आंबवलेले मासे घालतात, पण ती म्हणाली, इंफाळला वैष्णव घरांत बिनमाशाचंही करतात. तुम्हाला चालेल हो! चाळीस-चाळीस रुपयांच्या भेळेपेक्षा बरं. शेवटी काळ्या तांदळाची खीर, चाक-हाओ. २०२० साली जीआय मानांकन मिळालं त्या तांदळाला. काळा म्हणायचं नुसतं, दुधात शिजला की जांभळा होतो. यांनी तर दोन वाट्या खाल्ल्या आणि घरी येऊन शुगर तपासली नाही.

हुमायूंपूरला मात्र अखुनी होतं. आंबवलेलं सोयाबीन, नागा लोकांचं. वास? वास आहे, खोटं कशाला बोलू. दारातच नाकाला कळतं. पण बाई, मी मालवणची. पावसाळ्यात सुकट भाजायला घेतली की आई आधी दिंडी दरवाजा लावून घ्यायची, मग तवा ठेवायची. आणि इथे आल्यावर आमच्या पहिल्या घरमालकाने बोंबलांवरून महिनाभर तोंड वाकडं केलं होतं, विसरले नाही मी. म्हणून त्या पोरांची कथा ऐकली तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपलीच. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या पोरांसाठी सूचनांची पुस्तिका काढली होती, त्यात छापलं होतं की अखुनी, बांबूचे कोंब असले वासाचे पदार्थ शेजारीपाजारी गोंधळ न होता शिजवा! त्यावर पुढे सिनेमाही आला, 'अखुनी', निकोलस खार्कोंगोरचा. मैत्रिणीच्या लग्नासाठी अखुनी घातलेलं पोर्क करायचं आणि कुठेच शिजवायला जागा मिळत नाही. तो हुमायूंपूरमध्येच घडतो. आता त्याच गल्ल्यांत हॉर्नबिल, मिझो डायनर अशा पाट्या लागल्यात आणि शनिवारी टेबलासाठी बाहेर उभं राहावं लागतं. आपल्यासारखे लोक उभे असतात हो, चांगले इस्त्रीच्या कपड्यांतले.

भांडणं होतात की! बिलावरून झालं. मी पोर्क खात नाही, नर्सबाई मटण खात नाहीत, मग सगळ्यांनी सारखेच पैसे का द्यायचे? बंगाली काका म्हणाले, वेगळं बिल मागणाऱ्याने वेगळं टेबल घ्यावं. सूप गार झालं तरी मिटेना. शेवटी असं ठरलं की मांसाहाराचे पैसे खाणाऱ्यांत, बाकीचे सगळ्यांत. जेएनयूच्या पोरांना विद्यार्थी म्हणून सूट मागायची होती, ती नाही दिली. वादविवाद फुकट करतात तेवढे पुरे.

ते दुसरं फ्याडही आलंय म्हणे, टाइमलेफ्ट. लेक सांगत होती. बुधवारी रात्री ॲपच ठरवतं कुठल्या पाच अनोळखी माणसांबरोबर जेवायचं. मला नाही पटलं. माणसं मशीनने निवडायची तर त्यात चिडचिड कुठून येणार? आणि अनोळखी माणसांबरोबर जेवायला ॲप कशाला लागतं? आंध्र भवनात जा. हौज खासला मेट्रो बदला, पुढे रिक्षा. कूपन घ्या, जिथे खुर्ची रिकामी दिसेल तिथे बसा. शेजारी कधी खासदाराचा ड्रायव्हर, कधी यूपीएससीचं पोरगं. भात-पप्पू-गनपावडर येत राहतं, आणि मागचा माणूस तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून उभा असतो, म्हणून गप्पाही नेमक्याच होतात. रविवारी गेलात तर बिर्याणी असते. भाऊजींना सांगा.

बरं, खरी अडचण आता ऐका. म्हणूनच तर हाक मारली. पुढचा शनिवार माझ्यावर आलाय. सगळे म्हणतात, आंटी, महाराष्ट्र खिलाओ. कुठे नेऊ? कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात नेऊ, की कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या? दिल्ली हाटात मिसळ मिळते, पण अंगणवाडीच्या सहलीसारखं आठ जणांना घेऊन तिकीट काढून आत जायचं? पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनापर्यंत सरदारजी येणार नाहीत, त्यांना पार्किंग लागतं.

आणि महाराष्ट्र म्हणजे काय देऊ? मी सोलकढी म्हणणार, तुम्ही नागपूरच्या, तुम्ही म्हणणार सावजी. हे कोल्हापूरचे, यांचं घोडं तांबड्या-पांढऱ्यावर अडलंय. कालपासून घरात नकाशा पसरून बसल्यासारखे वाद घालतोय आम्ही. पोहे नकोत, पोहे दिल्लीत सगळ्यांना ठाऊक आहेत आणि त्यांना ते इंदूरचे वाटतात. पुरणपोळी दिली तर बंगाली काका गोडाचा निकाल लावतील आणि मग रसगुल्ल्यावर भाषण करतील.

म्हणून म्हटलं, बाहेर कशाला, आमच्याच अंगणात बसवू. खुर्च्या आरडब्ल्यूएच्या मागवते. मासे मी करते, भिंतीच्या या बाजूला. तुम्ही पाटवडी रस्सा करा, त्या बाजूला. पाटवड्या तेवढ्या आदल्या दिवशी थापून ठेवा, मागच्या वेळी गणपतीत केल्या होत्यात तशा, वरून खोबरं-कोथिंबीर. रश्श्यावर तर्री मात्र तुमच्या हिशोबाने सोडू नका हं, नर्सबाईंना झेपेल पण सरदारजी नुसतेच बढाया मारतात. दही लावून ठेवा. आणि पैसे वाटून घ्यायचे, बरं का! बेसन, तेल, मसाला, सगळं लिहून ठेवा. यजमान म्हणून फुकट घालायचं नाही, हा ग्रुपचा तिसरा नियम. पोळ्या कोण करणार ते आत्ताच ठरवू, कारण माझ्या बाईने शनिवारची सुट्टी मागितलीय. तुमची येईल का?