आधी ॲडमिट करा!

शहाऐंशीच्या आजी. रात्री ताप चढतो, बोलणं असंबद्ध होतं, पाणीही नको म्हणतात. या वयात अशा वेळी अनेकदा मुळाशी लघवीचा संसर्ग असतो, नाहीतर अंगातलं पाणी आटलेलं असतं. कोणीतरी घरी येऊन नाडी, ऑक्सिजन बघावा, लघवी तपासायला न्यावी, लागलं तर सलाईन लावावं. येणार कोण? व्हिजिटला जाणारे फॅमिली डॉक्टर आता शोधावे लागतात. फोनवर एकच उत्तर मिळतं: ॲडमिट करा.

मग 108 रुग्णवाहिका. राज्यात 2014 पासून धावणाऱ्या या सेवेबद्दल तक्रार नाही. पण तिचं काम रुग्णाला दवाखान्यात पोचवणं. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून आजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीने बांधून तीन मजले उतरवायचं. चष्मा आणि कानाचं यंत्र घरीच राहतं. कॅज्युअल्टीच्या झगझगीत उजेडात दिवस-रात्र कळेनाशी होते, भ्रम वाढतो, सुई उपसू नये म्हणून हात बांधले जातात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचे सुमारे एक किलो स्नायू झिजले. ती माणसं धडधाकट होती! आपल्या आजी भिंत धरून संडासापर्यंत जात होत्या. घरी परततील तेव्हा तेवढंही जमेल का?

लकवा आला, खुबा मोडला, तर रुग्णालयच हवं, यात वाद नाही. पण बाकीच्यांनाही आपण तिकडेच ढकलतो, आणि पैसाही तिकडेच ढकलतो. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचं 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते भरती झाल्यावर. भरती टाळण्यासाठी घरी आलेल्या डॉक्टरची फी त्यात बसत नाही.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत पडलेल्या, अचानक खालावलेल्या वृद्धांकडे दोन तासांत पथकाने घरी पोचावं, असा दंडक आहे. तो श्रीमंत देश, म्हणून सोडून द्या. केरळने 2008 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे दुखणाइतांच्या शुश्रूषेचं धोरण केलं; तिथे पंचायतीची नर्स घरी जाऊन लघवीची नळी बदलते, शय्याव्रणांचं ड्रेसिंग करते.

पुणे-मुंबईच्या महापालिकांनी एका वॉर्डापासून सुरुवात करावी: एक डॉक्टर, दोन नर्स, एक गाडी, रात्रीही उचलला जाणारा फोन. आणि आयुष्मानच्या यादीत एक ओळ वाढवावी: घरी येऊन केलेले तातडीचे उपचार.