नाताळचा संशयात्मा

इंग्लंडात नाताळच्या दुपारी टर्की आणि पुडिंग पोटात गेलं, की घरातला एक गृहस्थ हमखास कोपऱ्यातली खुर्ची धरतो. डोक्यावर ‘क्रॅकर’ नावाच्या नाताळच्या कागदी नळीतून निघालेला जांभळ्या कागदाचा मुकुट, मांडीवर पांघरूण आणि हातात खुनाचं पुस्तक. मुखपृष्ठावर बर्फ, बर्फात हवेली, हवेलीच्या एकाच खिडकीत दिवा. क्रॅकरमधली ती विनोदाची चिठ्ठी, जिला कुणीही हसलेलं नसतं, ती त्याने खुणेसाठी पानात घातलेली असते. अख्खं घर शांती आणि सद्भावनेच्या गोष्टी करत असताना हा मात्र म्हाताऱ्या धनिकाच्या गळ्यावरून सुरी कुणी फिरवली या विवंचनेत. घरचे त्याला विक्षिप्त समजतात. माझ्या मते त्या घरात नाताळकडे डोळसपणे पाहणारा तो एकटाच असतो.

कारण अशा रहस्यकथेला लागतं काय? बंद जागा, बाहेर पडायची पंचाईत आणि एकमेकांना कसंबसं सहन करणारी माणसं. यातलं लेखकाला फारसं रचावंच लागत नाही. 25 डिसेंबरला ब्रिटनमध्ये प्रवासी रेल्वे जवळजवळ ठप्प असते. इंग्लंड-वेल्समध्ये 280 चौरस मीटरहून मोठी दुकानं त्या दिवशी उघडायला 2004 च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे ‘जरा दूध घेऊन येतो’ म्हणून सटकायचीही सोय नाही. अगाथा ख्रिस्तीबाईंनी हे फार आधी हेरलं होतं. त्यांच्या ‘हर्क्यूल प्वारोज ख्रिसमस’मध्ये (1938) सिमियन ली हा खवचट म्हातारा सगळ्या मुलांना नाताळला गोळा करतो, मृत्युपत्र बदलायची भाषा बरोबर त्यांच्या कानावर पडेल अशी करतो, आणि त्याच रात्री मरतो. त्यातल्या गुप्तहेर प्वारोचं म्हणणं असं, की एरवी न पटणारी माणसं या दिवसांत गोड वागायचा आटापिटा करतात आणि त्या ताणातूनच भडका उडतो. फार्जन या लेखकाच्या ‘मिस्टरी इन व्हाइट’मध्ये (1937) बर्फात अडकलेल्या गाडीतले प्रवासी एका घरात शिरतात, तर शेकोटी पेटलेली, चहा मांडलेला, आणि यजमानाचा पत्ता नाही. विस्मरणात गेलेली ही कादंबरी ब्रिटिश लायब्ररीने 2014 मध्ये पुन्हा काढली आणि नाताळात ती धडाक्यात खपली. ऊबदार घर, तयार चहा आणि नातेवाईक एकही नाही. आपल्या गृहस्थाला आणखी काय हवं? आपल्याकडे ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक रहस्यकथा देतात खरे, पण आपली दिवाळी दार उघडं टाकून होते, फराळाला अख्खी वाडी येऊन जाते आणि संशयितांची यादीच हाताबाहेर जाते.

कुणी म्हणेल, हा निव्वळ रक्तपिपासूपणा. ख्रिस्तीबाईंच्या बहिणीच्या यजमानांनीही तक्रार केली होती, की तुमचे खून अलीकडे फार सोवळे होऊ लागलेत. म्हणून बाईंनी ‘हर्क्यूल प्वारोज ख्रिसमस’मध्ये रक्ताचा सडा घातला आणि ते त्यांनाच अर्पण केलं. पण आपला गृहस्थ त्या रक्तातही सुगावाच शोधतो. (याहून अधिक सांगितलं तर तो मलाच शोधत येईल.) दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नाताळची जुनी परंपरा भुताच्या गोष्टींची; डिकन्सने 1843 मध्ये भुतं आणूनच कंजूष स्क्रूजला वठणीवर आणलं. मान्य. पण ती भुतं माणूस सुधारायला येतात, आणि याला सुधारायचं काम घरचे दोन दिवस विनामूल्य करत असतात. उरली उत्सुकता. खुनी कोण एवढंच हवं असतं, तर त्याने दरवर्षी तेच पुस्तक पुन्हा काढलं नसतं. खुनी त्याला पाठ असतो. त्याला हवं असतं ते शेवटचं प्रकरण: सगळं कुटुंब दिवाणखान्यात बसलंय, एक परका माणूस प्रत्येकाचं खोटं त्याच्या तोंडावर सांगतोय आणि कुणी मध्ये बोलत नाहीये. त्याच्या स्वतःच्या दिवाणखान्यात हे कुठून घडायला? तिथे फार तर पुतण्या येऊन विचारतो, ‘काका, काय वाचताय?’ आणि काका चष्म्यावरून असे काही पाहतात, की तो पोरगा शेवटचं चॉकलेट कुणी खाल्लं ते आपणहून सांगून टाकतो.