मुक्तनाना

असा एक मुक्तनाना हल्ली प्रत्येक सोसायटीत निघतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतला दुसऱ्या मजल्यावर राहतो. खूण सोपी आहे: लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली. आमच्या नानांची टिकली मरून आहे, नानींच्या पाकिटातली. मुलीचा व्हिडिओ कॉल आला की नाना ती नखाने अलगद सोडवतात, स्क्रीनच्या कडेला लावून ठेवतात आणि बोलणं संपलं की पुन्हा जागच्या जागी दाबून बसवतात. चार-सहा कॉलनंतर डिंक संपतो आणि नवी टिकली निघते. पाकीट एवढ्या लवकर संपतं कसं, हे विचारणं नानींनी सोडून दिलंय.

नाना वीज मंडळातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कुणी अध्यात्माकडे वळतं, कुणी गुडघ्यांकडे. नाना ब्राउझरकडे वळले. तसे ते निरुपद्रवी. पंचाईत एवढीच की त्यांना कॉम्प्युटरमधलं खरोखर कळतं आणि बोलावलं की येणारं दुसरं कुणी इमारतीत नाही. त्यामुळे प्रिंटर अडला की नानांना हाक मारावीच लागते. नाना येतात, ‘चहा नको’ म्हणतात, खुर्चीत बसतात आणि समोर क्रोम उघडं दिसलं की चष्मा काढून पुसायला घेतात. चष्मा सदऱ्याच्या टोकाला गेला की समजावं, आज प्रिंटर होत नाही.

“हे का वापरता?”

“सगळे वापरतात म्हणून...”

“सगळे!” असं म्हणून नाना १९९४ सालात शिरतात. तिथे नेटस्केप भेटतो. त्याच वर्षी तिथल्याच एका इंजिनिअरने काढलेली कुकी भेटते. मग मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर फुकट वाटलेला इंटरनेट एक्सप्लोरर, त्यात नेटस्केपचं झालेलं पानिपत, १९९८ साली त्यांनी जगाला खुला करून टाकलेला कोड, त्यातून उभी राहिलेली मोझिला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला फायरफॉक्स १.०. या बाळाचं आधी नाव फीनिक्स, मग फायरबर्ड. दोन्ही नावांवर दुसऱ्यांनी हक्क सांगितला, म्हणून तिसऱ्यांदा बारसं. हे नाना इतकं मायेने सांगतात की ऐकणाऱ्याला घुगऱ्या मागाव्याशा वाटतात. तोपर्यंत ज्या कागदासाठी प्रिंटर हवा होता, त्याची मुदत टळलेली असते.

पहिल्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा एकदा मध्येच म्हणाला, “नाना, मी ब्रेव्ह वापरतो. त्यात प्रायव्हसी असते.”

“असेल. गोत्र कोणतं?”

मुलगा गप्प. ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, एज, नावं आणि घराणी वेगळी, गोत्र एकच: क्रोमियम. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा २०२० मध्ये स्वतःचं इंजिन बाजूला ठेवून हेच गोत्र लावलं. फायरफॉक्सचं गोत्र गेको, सफारीचं वेबकिट. आपल्याकडे आयफोनवर आलं की बिचाऱ्या फायरफॉक्सलाही वेबकिटच्या घरी दत्तक जावं लागतं, कारण ॲपलचा तसा दंडकच. नानांचं म्हणणं असं की सगळा गाव सगोत्र झाला की नियम एकाच वाड्यावर ठरतात. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि क्रोमवरचं मूळ यूब्लॉक ओरिजिन बंद पडलं. जाहिरातींवर पोट भरणाऱ्या कंपनीने जाहिराती अडवणाऱ्या साधनाचे नियम ठरवावेत, ही गोष्ट नानांना रात्री झोपू देत नाही. इथे मात्र मी नानांच्या बाजूने आहे. झोप माझी उडत नाही, एवढाच फरक.

फायरफॉक्सच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलकडूनच येतो, डीफॉल्ट सर्च इंजिन म्हणून गूगल ठेवल्याबद्दल. हे नानांना माहीत आहे. आपण मात्र त्यांच्यापाशी काढायचं नाही. मी एकदा काढलं. ते फक्त “हं” म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागले. कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं.

“पण नाना, आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?” हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. प्रत्येक सोसायटीत तो कुणीतरी विचारतंच.

“काहीच नाही ना? मग तुमची एफडी कितीची आहे, सांगा.”

काकू गॅसवर दूध आहे म्हणून आत गेल्या.

सुप्रीम कोर्टाचा निकाल नानांना मुंजीच्या तारखेसारखा पाठ आहे: २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्ती, एकमत, खासगीपणा हा मूलभूत हक्क. दरवर्षी त्या दिवशी नाना जिन्यात उभे राहून पेढे वाटतात. अख्ख्या सोसायटीला वाटतं, नानांचा वाढदिवस. लोक शुभेच्छा देतात, पोरं पाया पडतात, नाना आशीर्वाद देतात. गैरसमज ते दूर करत नाहीत, कारण तो करायचा तर खरी जन्मतारीख सांगावी लागेल.

नानांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे जानेवारी २०२१. व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणाने देशभर घबराट उडाली होती आणि लोक सिग्नलवर धावत होते. आमची सोसायटीही धावली. नानांनी घरोघर जाऊन ॲप टाकून दिलं, ग्रुप काढला, चेअरमननी त्यावर पहिला सुविचार टाकला. नानांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही एवढं समाधान दिसलं नव्हतं. मग हळूहळू सुविचार जुन्या घरी परतले, त्यांच्यामागून वाढदिवसाचे केक परतले, शेवटी पाण्याच्या नोटिसाही गेल्या. आज सिग्नलच्या त्या ग्रुपवर नाना आहेत आणि ग्रुप सोडायचा कसा हे न कळलेले चेअरमन आहेत. टाकी धुणार असल्याची नोटीस व्हॉट्सॲपवर आली, त्या सकाळी नाना डोक्याला साबण लावून बाथरूममध्ये उभे होते. आतून आलेली हाक पूर्णपणे एन्क्रिप्शनविना होती.

अशा प्रसंगी नानी धावून येतात. नानींच्या फोनवर सगळं आहे. व्हॉट्सॲप आहे, फेसबुक आहे, रांगोळीची ॲप आहेत, आणि प्रत्येक ॲपने जे जे मागितलं ते ते नानींनी सढळ हाताने दिलेलं आहे, नानांच्या फोन नंबरासकट. नानांचं गुडघ्याचं ऑपरेशन, अष्टविनायकाची ट्रिप, शिरा खाताना काढलेला फोटो, सगळं नानींच्या कृपेने कॅलिफोर्नियात जमा आहे. नाना खिडक्यांना गज लावत फिरतात आणि नानींनी पुढचं दार सताड उघडं टाकलेलं असतं. यावर नाना एक शब्द बोलत नाहीत. बलाढ्य कंपन्यांशी झुंजणं सोपं असतं.

फोनच्या बाबतीत त्यांनी जे केलं ते तर दंतकथा व्हावं असं. गूगलमुक्त व्हायचं म्हणून ग्राफीनओएस ही प्रणाली निवडली. आणि ती चालते कशावर? तर गूगलच्याच पिक्सेल फोनवर. गूगलपासून सुटण्यासाठी नानांनी गूगलचा फोन घेतला, तोही रोख देऊन. त्यावर एका बँकेचं ॲप उघडलं तर म्हणे हा फोन सुरक्षित नाही. सोसायटीतला सगळ्यात कडेकोट फोन, आणि बँक त्याला दारातच अडवते! तेव्हापासून नाना पासबुक भरायला रांगेत उभे राहतात. भाजीवाला क्यूआर पुढे करतो, नाना दहाच्या नोटा मोजतात आणि मागच्यांचा खोळंबा होतो.

या सगळ्याचा कळस त्यांच्या भाच्याने केला. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन नावाची संस्था आहे. आपला ब्राउझर गर्दीत कितपत ओळखू येतो, हे तपासायची सोय तिने करून ठेवली आहे. ट्रॅकिंग करणाऱ्याला दर वेळी कुकी लागतेच असं नाही. स्क्रीनचा आकार, टाइमझोन, ग्राफिक्स कार्ड, बसवलेले फॉन्ट, एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो. भाच्याने नानांचा ब्राउझर तपासला. लिनक्स, भारतीय वेळ, हौसेने बसवलेले देवनागरी फॉन्ट, वर लपण्यासाठी घातलेली डझनभर एक्स्टेन्शन. निकाल आला: असा ब्राउझर दुसऱ्या कुणाचाच नाही. लपता लपता नाना जगात एकमेव झाले होते.

तो आठवडा नाना चष्मासुद्धा पुसत नव्हते. मग टॉर ब्राउझर आला. त्याचं तंत्र उलटं: लपायचं तर सगळ्यांसारखं दिसायचं. म्हणून खिडकीचा आकारही ठरावीक मापातच ठेवायचा, मोठी करायची नाही. आता नाना चोवीस इंची मॉनिटरच्या मधोमध वहीएवढ्या चौकटीत डोकावून रेल्वेचं वेळापत्रक बघतात. साइटला हा माणूस आहे की यंत्र अशी शंका येते, मग ती चित्रं दाखवते आणि त्यातली फायर हायड्रंट ओळखायला सांगते. डोंबिवलीत जन्म गेलेल्या माणसाने ती कुठे बघायची?

हसून झालं, आता नानांचं देणं फेडतो. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा लोकांनी मिळून केलेला नकाशा आहे, २००४ पासूनचा. त्यावर आमच्या भागातल्या गल्ल्या, पिठाची गिरणी, सार्वजनिक नळ, दवाखान्याचा मागचा दरवाजा हे सगळं नानांनी पायी फिरून भरलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला, तेव्हा सोसायटीत तीन लॅपटॉप भंगारात निघाले होते. नानांनी ते मागून आणले, लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस टाकलं. त्यातला एक वॉचमनच्या मुलीकडे आहे. ती त्यावर अकरावीचा अभ्यास करते. तिला नानांनी १९९४ ची गोष्ट सांगितली नाही, नुसतं चालू कसं करायचं ते दाखवलं.

तेव्हा वाचकहो, एक गुपचूप सल्ला. फायरफॉक्स उतरवून घ्या, तो मराठीतही मिळतो. त्यात यूब्लॉक ओरिजिन टाका. दहा मिनिटांचं काम आहे, फुकट आहे, आणि जाहिराती इतक्या कमी होतील की बातमी सापडेल. इन्कॉग्निटोवर मात्र भिस्त ठेवू नका. त्याने घरच्यांपासून हिस्टरी लपते, बाकी साइटला आणि इंटरनेटवाल्याला दिसायचं ते दिसतच राहतं. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. फक्त हे तुमच्या सोसायटीतल्या नानांच्या कानावर जाऊ देऊ नका. गेलं, तर रविवारी सकाळी ते लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन दारात उभे राहतील, आणि या खेपेला ‘चहा नको’ म्हणणार नाहीत.