यंदाची थीम काय?

मुलांच्या कुठल्याही कार्यक्रमाला हल्ली थीम लागते. पूर्वी नुसती सहल असायची, नुसता मेळावा असायचा, नुसती शेकोटी असायची. आता मेळाव्याआधी बैठकांवर बैठका होतात आणि त्यांतला बराचसा वेळ 'यंदाची थीम काय?' या प्रश्नातच जातो. शेवटची दहा मिनिटं उरली की चहा येतो आणि घाईघाईनं वडापाव किती मागवायचे ते ठरतं. मुलांच्या दृष्टीनं बैठकीत महत्त्वाचं तेवढंच झालेलं असतं.

मी आमच्या भागातलं कब पथक बघते. कब म्हणजे स्काउटांची धाकटी पाती, दहा वर्षांच्या आतली. काम हौसेचं. मिळतात ते एक स्कार्फ, एक शिट्टी आणि एक नाव. कब पथकातल्या मोठ्या माणसांना 'जंगल बुक'मधली नावं द्यायची रीत आहे. पथक चालवणारा तो अकेला, कळपाचा म्होरक्या लांडगा. म्हणून मी अकेला मॅडम. मंडईत भाजी घेताना पलीकडून "अकेलाऽऽ" अशी हाक आली की भाजीवाला माझ्याकडे कळवळून बघतो आणि पिशवीत दोन मिरच्या जास्तीच्या टाकतो. आमचे बगीरा हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. काळ्या बिबट्याचं त्यांच्यात दुसरं काही नाही, पण बिनव्हाउचरच्या खर्चावर झडप मात्र तशीच घालतात. बल्लू हा कॉलेजात जाणारा मुलगा, कधीकाळी याच पथकातला कब. त्याला सगळ्या गाठी येतात, फक्त स्वतःच्या बुटांच्या लेस सुटलेल्या असतात.

थीमचं खूळ इव्हेंटवाल्यांनी आणलं, असं बगीरांचं ठाम मत आहे. पण गंमत अशी की स्काउटिंगचं अगदी पहिलं शिबिरच थीमचं होतं. ऑगस्ट 1907. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदरातलं ब्राउन्सी नावाचं लहानसं बेट. बेडन-पॉवेल साहेबांनी वीसेक मुलं गोळा केली. काही बड्या घरची, महागड्या शाळांतली, काही कामकऱ्यांची. त्यांची लांडगे, बैल अशा पशुपक्ष्यांच्या नावांनी चार संघांत वाटणी केली आणि प्रत्येक दिवसाला एक विषय दिला. एक दिवस निरीक्षणाचा, एक रानातल्या माहितीचा, एक शूरवीरांच्या रीतिरिवाजांचा, एक जीव वाचवण्याचा. सकाळी साहेब स्वतः आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं लांबलचक शिंग फुंकून मुलांना उठवत. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा बगीरा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या शिंगाचा खर्च कुठल्या हेडखाली टाकला असेल हो?"

धाकट्यांची गोष्ट तर आणखी गमतीची. मोठ्या भावांचे तंबू आणि टोप्या बघून लहान मुलंही हट्टाला पेटली, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळं काही करणं भाग पडलं. 1916 साली बेडन-पॉवेलनी किपलिंगच्या परवानगीनं 'जंगल बुक' सरळ उचललं आणि सगळ्या धाकट्यांना लांडग्याची पिल्लं करून टाकलं. एक थीम, एकदाच ठरवली, शंभरावर वर्षं चालू आहे. आमच्या बैठकांमध्ये असलं काही घडत नाही. किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 साली, जे. जे. कला शाळेच्या आवारात. मोगलीचं जंगल सिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरहून पेंचच्या अंगानं वर गेलं की लागतं ते. आणि पुस्तक लिहिलं कुठं? अमेरिकेत, व्हर्माँटमध्ये, जिथं हिवाळ्यात दारापुढं बर्फाचे ढीग लागतात. लेखक एका खंडात, जंगल दुसऱ्या खंडात, आणि ते ऐकून लांडगे झालेली पोरं तिसऱ्याच. कुणाचंच काही अडलं नाही. तुम्ही लांडगे आहात, एवढं मुलांना सांगितलं की पुरतं. शेपटी कशाची करायची हा प्रश्न मोठ्यांना पडतो.

मोठ्यांना म्हणजे विशेषतः पालकांना. ग्रुपवर थीम जाहीर करावी, की मिनिटभरात पहिला निरोप येतो: "मॅडम, ड्रेस कोणता?" थीम म्हणजे ड्रेस, हे समीकरण नर्सरीच्या फॅन्सी ड्रेसपासून इतकं घट्ट बसलंय की आता ते सुटणं अवघड. चांद्रमोहिमेची थीम ठेवली तेव्हा एका आईनं विचारलं, "पांढरा टी-शर्ट आहे, पण त्यावर आयर्नमॅन आहे, चालेल का?" मी म्हटलं, चालेल. दुसरीनं विचारलं, "विक्रम लँडरला टोपी असते का?" 23 ऑगस्ट 2023 ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ ते यान उतरलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी टीव्हीपुढे टाळ्या वाजवल्या होत्या, पण टोपीकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. त्या कार्यक्रमात आम्ही व्हिनेगर आणि खायच्या सोड्याची रॉकेटं उडवली. छान उडाली. मुलं मात्र त्यानंतरचा सगळा वेळ सामान ज्यातून आणलं होतं त्या मोठ्या खोक्यात बसून होती. एकावेळी दोघं, बाकीचे रांगेत. आतून कुणीतरी उलटी गिनती म्हणत होतं. अर्ध्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा तक्ता बल्लूनं रंगीत पेनांनी केला होता. तो त्यानं गुपचूप घडी करून खिशात घातला आणि स्वतःही रांगेत उभा राहिला.

सगळ्यात गाजला तो किल्ला. दिवाळीनंतरचा मेळावा, घरोघरी मातीचे किल्ले अजून ओले होते, तेव्हा सिंहगडाची थीम कुणी सुचवली हे शोधायची गरज नाही, ती हवेतच होती. अडचण निघाली पात्रांची. बहुतेकांना शिवाजी महाराज व्हायचं होतं. "महाराज त्या रात्री सिंहगडावर नव्हते रे," असं सांगून पाहिलं, तर उत्तर आलं, "मग आम्ही राजगडावर बसतो. सगळे." काही तानाजी झाले. एक शेलारमामा झाला, कारण त्याला दाढी आवडायची. उदयभान व्हायला कुणी म्हणून तयार होईना. अखेर ती भूमिका बल्लूच्या गळ्यात पडली. वयानं मोठा असल्यामुळे त्याला कुणी विचारलं नाही. आणि एक काडीसारखा मुलगा, जो एरवी हजेरीलासुद्धा ऐकू येईल असं बोलत नाही, तो उभा राहून म्हणाला, "मी घोरपड."

इतिहासकार यशवंती घोरपडीची कथा दंतकथा मानतात, पण हे त्याला सांगणार कोण? रात्री त्याच्या आईचा फोन. "मॅडम, घोरपडीचा ड्रेस कुठं मिळतो?" फॅन्सी ड्रेसच्या दुकानात वाघ होता, पोपट होता, वांगं होतं, जिजाऊसाहेब तीन मापांत होत्या, घोरपड नव्हती. "आमच्याकडे आजवर कुणी मागितलीच नाही," दुकानदार म्हणाला म्हणे. शेवटी तो रोजच्याच गणवेशात आला. कमरेला बल्लूकडून दोरी बांधून घेतली, मैदानाच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर पोट टेकवून आडवा झाला आणि दोन्ही हातांनी जी भिंत धरली ती सोडेचना. खाली लढाई झाली. तानाजी पडले, तेही एकामागून एक, कारण ते बरेच होते. राजगडावरच्या महाराजांना दम धरवेना, ते सगळे मध्येच उतरून आले. उदयभान दहा-बारा जणांच्या खाली दबला. मग सरबत आलं. तरी घोरपड भिंतीवरच. मी जवळ जाऊन म्हटलं, "अरे, गड जिंकला, उतर आता." तो मान न वळवता म्हणाला, "अजून सगळे चढले नाहीत." खरंच, शेलारमामा दाढी सावरत मागं राहिला होता. त्याला दोरीजवळ आणून उभा केला, तेव्हा कुठं घोरपडीनं हात सोडले.

तेव्हापासून पात्रवाटपाच्या कागदावर मी निम्म्या ओळी कोऱ्याच ठेवते. हे बगीरांना पटत नाही. कोरी ओळ म्हणजे त्यांना सही केलेला कोरा चेक वाटतो.

पुढे एकदा त्यांनाच कोड्यात पडावं लागलं. थीम होती बहिर्जी नाईकांची, म्हणजे हेरांची. स्काउटांमध्ये एक जुना खेळ आहे, किपलिंगच्याच 'किम' या कादंबरीवरून आलेला. एका ताटात वीसेक वस्तू मांडायच्या, मुलांनी त्या मिनिटभर बघायच्या, मग वर फडकं टाकायचं आणि आठवतील तेवढ्या सांगायच्या. आम्ही ताट भरलं: किल्ली, चमचा, वाटाणे, सुईदोरा, जुनं नाणं, बसचं तिकीट असं काहीबाही. मुलं भराभर सांगू लागली. एक चिमुरडा मात्र गप्प. "तुला काय काय आठवतंय?" विचारल्यावर म्हणाला, "वस्तू नाही बघितल्या. ताटावर लिहिलेलं वाचलं." आणि त्यानं खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं: अमुक-तमुक यांच्या विवाहाप्रीत्यर्थ, खाली देणाऱ्याचं नाव आणि तारीख. ताट बगीरांच्या घरचं. लग्न त्यांचंच. तारीख त्याच आठवड्यातली, दोनच दिवसांवर आलेली. बगीरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि थोडं बाजूला जाऊन घरी फोन केला. बहिर्जींनी आणलेली कुठलीही बातमी इतकी वेळेवर पोचली नसेल.

खेळाच्या नियमाप्रमाणे त्या मुलाला शून्य गुण द्यायला हवे होते. आम्ही सगळ्या पथकाकडून त्याला पावसाची टाळी दिली: आधी तळहातावर एक बोट, मग दोन, मग तीन, मग सगळा पंजा, आणि हळूहळू पुन्हा एका बोटावर. स्काउटांकडे कौतुकाचे असे बिनखर्चाचे पुष्कळ प्रकार आहेत, ही गोष्ट बगीरांना फार आवडते.

सगळ्याच थीम जमतात असं नाही. 'प्लास्टिकमुक्ती'च्या दिवशी घोषणांचे फलक झकास झाले, आणि मग खाऊ आला, दर मुलामागे एक चकचकीत पुडा. मुलांनी तो खाऊन फलकांच्या मागच्या बाजूनं रिकामी पाकिटं चिकटवली आणि त्याला प्रदर्शन म्हटलं. 'खरी कमाई'ला मुळात थीमची गरज नसते. इंग्लंडात 1949 पासून पोरं घरोघर जाऊन शिलिंगभर मोबदल्यात काम करत. आपल्याकडे तिचं रूप म्हणजे शाळेच्या मैदानावरचे भेळ-सरबताचे स्टॉल. चिरमुरे पालकांचे, कांदा पालकांनी चिरलेला, भेळ खाणारे पालक, पैसे पालकांचे. नफा मुलांचा. अर्थशास्त्राचा एवढा निर्मळ नमुना मी दुसरीकडे पाहिलेला नाही. बगीरांचा आक्षेप फक्त कोथिंबिरीला, कारण कोथिंबीरवाली पावती देत नाही.

मला चीड येते ती फक्त एका प्रकाराची. पाहुणे यायचे म्हणून पंधरा दिवस आधीपासून नाच बसवायचा, मुलांना हिरवे कपडे घालून झाडं म्हणून उभं करायचं, आणि झाडानं जांभई दिली की विंगेतून डोळे वटारायचे. तिथं थीम मोठ्यांची, मेहनत मोठ्यांची, फोटोसुद्धा मोठ्यांचे. मुलं आपली सजावटीला. अशा कार्यक्रमानंतर मंच आवरताना हिरवे क्रेप कागद सापडतात, पण मुलं काय बोलली हे काहीच आठवत नाही. उलट किल्ल्याच्या दिवशी ठरलेलं निम्मंसुद्धा झालं नाही, आणि अजून कुणी भेटलं की घोरपडीचं विचारतात. तो मुलगा आता सिक्सर झालाय, म्हणजे सहा जणांच्या गटाचा म्होरक्या. बाकीचे पाच त्याचं ऐकतात. आवाज अजून बारीकच आहे.

थीमशिवाय मात्र आम्हा मोठ्यांचं चालत नाही, हेही खरं. मुलांना मोकळं मैदान आणि एक खोकं पुरतं. पण रविवारी सकाळी अंथरुणातून उठायला, डेकोरेशनच्या दुकानात भाव करायला आणि एकमेकांशी भांडायला आम्हाला काहीतरी निमित्त लागतं. नुसतं 'मुलांबरोबर दंगा करायला चाललोय' असं घरी सांगता येत नाही. 'अंतराळाची तयारी आहे' म्हटलं की डबासुद्धा मिळतो.

आता 22 फेब्रुवारी जवळ आलीय, बेडन-पॉवेल पतिपत्नी दोघांचाही वाढदिवस, स्काउट-गाइडांचा चिंतन दिवस. यंदा थीम मुलांनीच सुचवावी म्हणून बल्लूनं एक डबा ठेवला होता. कालच्या बैठकीत तो उघडला. 'मांजर' तीन चिठ्ठ्या. 'सुट्टी' दोन. 'वडापाव' एक, बहुधा बल्लूचीच. 'परत घोरपड' एक. आणि बाकी साऱ्या चिठ्ठ्यांवर, वेगवेगळ्या अक्षरांत, ऱ्हस्वदीर्घाच्या सगळ्या शक्यतांसकट एकच शब्द: भूत. चिंतनाच्या दिवशी भुतं बरी दिसतील का, यावर आमची पाऊण तास चर्चा झाली. मी म्हटलं, अंधाराला न घाबरणं हाही स्काउटचा गुण आहे. बल्लू म्हणाला, चिंचेच्या झाडाची व्यवस्था माझ्याकडे. पालकांच्या ग्रुपवर निरोप जाताच पहिलं उत्तर आलं, "ड्रेस कोणता?"

बगीरांनी वही उघडली, नव्या पानावर 'भूत' असं लिहून खाली रेघ मारली आणि बराच वेळ विचार करून म्हणाले, "पांढऱ्या चादरी घरूनच आणायला सांगा. म्हणजे व्हाउचर लागणार नाही."