सप्रेम भेट, मु. पो. नामिबिया

परदेशात शिकारीला जाणाऱ्या माणसाचं बिल वाचण्यासारखं असतं. राहण्याजेवणाचा रोजचा दर वेगळा आणि जनावरांची दरपत्रकं वेगळी. गेम्सबॉक पाडला तर इतके, कुडू पाडला तर तितके. जनावर जखमी होऊन निसटलं, तरी त्याचे पैसे पूर्ण. एवढा चोख हिशेब झाल्यावर यजमानाला वर आणखी भेट कशासाठी, असा प्रश्न निदान पुण्यातल्या माणसाला तरी पडतो. पण शिकारी लोक ती देतात आणि त्यासाठी महिनामहिना डोकं खाजवतात. दुसऱ्यांचंही खाजवतात.

माझा भाचा टेक्सासात असतो. सासरे तिथलेच, पट्टीचे शिकारी. जावई मांसाहाराला लागला तेव्हा त्यांना तो पहिल्यांदा आपला वाटला, आणि यंदा त्यांनी त्याला नामिबियाला न्यायचं काढलं. तिकिटं सासऱ्यांकडे, भेटींचं खातं जावयाकडे. जावयाने ते तसंच मामाकडे सरकवलं. "मामा, काहीतरी आपल्याकडचं सुचव ना, हटके." माझा बंदुकीशी संबंध जत्रेतल्या फुग्यांपुरता. पण आहेराचा अनुभव दांडगा आहे, एवढ्या भांडवलावर मी होकार दिला.

घरात पहिली सूचना आली ती अर्थातच गणपतीच्या मूर्तीची. परदेशात न्यायची भेट म्हटलं की मराठी माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. मात्र त्या शिकारघराचा फोटो पाहिल्यावर आम्ही गप्प झालो. बैठकीच्या भिंतीवर शिंगंवाली मुंडकी ओळीने टांगलेली. त्यांच्या मधोमध गजमुख ठेवायचं, तर यजमान पुढे येऊन बंदुकीचं कॅलिबर विचारायचे. बायको म्हणाली, "अहो, मग मोरपिसांचा पंखा द्या." तो बेत कायद्यापाशी अडकला. मोरपिसं देशाबाहेर न्यायला बंदी आहे. कुडूचा परवाना खिशात असलेला माणूस मोरपिसासाठी विमानतळावर अडकला, तर सासऱ्यांना तोंड कसं दाखवणार? कोल्हापुरी चपलाही निघाल्या. करकर वाजणारी कोल्हापुरी ऐटीची खरी, पण ज्याने दबक्या पावलांनी सावजाजवळ जायचं त्याच्या पायात ती घालणं म्हणजे जनावरालाच आगाऊ कळवणं. शिवाय तिकडचे बाभळीचे काटे तळव्याशी हुज्जत घालत नाहीत, थेट आत शिरतात.

मग लक्षात आलं, की आम्ही 'यजमान' हा शब्द एकवचनात धरून बसलोय. शिकारीच्या मुक्कामात यजमान एक नसतोच. शेताचा मालक असतो, बरोबर बंदूक घेऊन चालणारा व्यावसायिक शिकारी असतो. कधी दोघं एकच. त्यांच्यापुढे, बहुतेकदा सगळ्यांच्या पुढे, माग काढणारा असतो. वाळूत उमटलेल्या खुराच्या कडा अजून धारदार आहेत की वाऱ्याने ढासळल्या, एवढं पाहून तो सांगतो, जनावर सकाळी गेलं की रात्री. पाहुण्याला दिसतं ते बहुधा त्याने दाखवल्यावर. नंतर कातडं सोलून मीठ चोळणारा येतो. त्याची सुरी एक बोट चुकली, तर पाहुण्याच्या दिवाणखान्यातलं ते मुंडकं जन्मभर टाके मिरवतं. आणि स्वयंपाकीण असते, जी पहाटे सगळ्यांच्या आधी उठते आणि रात्री सगळ्यांच्या नंतर आडवी होते. कुठल्याही देशातली.

मालकाला द्यायला सोपं. व्हिस्कीची बाटली प्रत्येक पाहुणा आणतो, म्हणून ती सोडून काहीही चालेल. त्या भागात जर्मन वंशाची बरीच शेतकरी घराणी आहेत, 1884 ते 1915 या काळात तो मुलूख जर्मनीकडे होता तेव्हापासूनची. त्यांनी शिकारीचे जर्मन रिवाजही जपलेत. जनावर पडलं की झाडाची डहाळी मोडून, त्याच्या रक्तात टेकवून ती शिकाऱ्याला देतात. तो ती टोपीत खोवतो. जखमी जनावर कुत्र्याने शोधून दिलं असेल, तर शिकारी आपल्या डहाळीचा तुकडा मोडून कुत्रा सांभाळणाऱ्याला देतो. मला हा रिवाज फार आवडला. भेट द्यायला दुकान लागत नाही, श्रेय मोडून वाटता आलं पाहिजे.

आपल्याकडे ते कितीजणांना जमलं, याचा एक दगडी पुरावा भरतपूरला उभा आहे. तिथल्या पक्षी अभयारण्यात संस्थानी काळातल्या शिकारींची यादी कोरलेली आहे. 1938 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो पाहुणे होते, त्या एका दिवसात 4273 पक्षी पडले. पाहुण्याचं नाव आहे, बंदुका किती होत्या तेही आहे, पक्ष्यांचा आकडा तर डोळ्यांत भरतो. थंड पाण्यात उतरून ते पक्षी ज्यांनी गोळा केले, त्यांच्यासाठी मात्र यादीत रकाना नाही.

उलट उदाहरण जिम कॉर्बेटचं. चंपावतची नरभक्षक वाघीण त्यांनी 1907 साली मारली. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना रिग्बीची रायफल दिली. तिच्यावरच्या छोट्या पट्टीवर देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं आणि चंपावतचं नाव कोरलेलं आहे. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कॉर्बेट स्वतः नोंदवून ठेवतात. नैनितालच्या दरबारात ह्यूएटसाहेबांनी चंपावतच्या तहसीलदाराला बंदूक दिली, आणि वाघिणीने नेलेल्या मुलीचा शोध घेताना जो गावकरी कॉर्बेटांसोबत चालला होता, त्याला एक देखणा शिकारी सुरा. दोन्हींवर मजकूर कोरलेला. लाटसाहेबाचा आहेर असूनही त्यात तो गावकरी सुटला नाही, हे मला त्या वाघिणीच्या गोष्टीइतकंच थरारक वाटतं.

म्हणून मी भाच्याला फोन लावला. "माग काढणाऱ्याचं नाव काय?" तो गडबडला. सासरे तिथे आधीही जाऊन आले होते. गेम्सबॉकच्या शिंगांची लांबी त्यांना इंचाच्या अंशापर्यंत पाठ होती, माग काढणाऱ्याला मात्र ते 'आपला ट्रॅकर' म्हणत. म्हटलं, आधी नावं विचारून घे. कुणाला काय लागतं तेही विचार, आणि मालकाच्या कानावर घालूनच दे. नाहीतर एकाला दुर्बीण आणि दुसऱ्याला टोपी मिळाली, की तुम्ही विमानात बसल्यावर तिथे जे महाभारत होईल ते दोन जावांना दोन दरांच्या साड्या दिल्यावर होतं तेवढंच होईल. आणि हे बक्षिसीऐवजी नाही, बक्षिसी देऊन झाल्यावर.

चार दिवसांनी यादी आली आणि सगळा गुंता सुटला. आपण 'हटके' शोधत होतो, तिकडच्या गरजा साध्या होत्या. कपाळावर बांधायची बॅटरी. पण साध्या सेलवर चालणारी, कारण चार्जिंगचा दिवा वायर हरवली की शोभेचा. सोलणाऱ्याला धार लावायचा चांगला दगड. स्वयंपाकिणीला जवळचं दिसायचा चष्मा. मालकिणीने नंबरही कळवला होता. मुलांसाठी फुटबॉल, हवा काढून चपटा नेलेला, सोबत पंप. आपल्याकडचं म्हणून दोनच गोष्टी गेल्या. एक कांदा-लसूण मसाला, घट्ट सीलबंद. दुसरं घोंगडं. तिकडे जून-जुलैत पहाटे पारा गोठणबिंदूशी लगट करतो आणि माग काढणारा उघड्या गाडीच्या मागे उभा असतो. धनगरांनी मेंढरांमागे रानोमाळ पारखलेलं घोंगडं त्याला कुणी समजावून सांगायला नको. अंगाला टोचतं म्हणून आमच्या घरात कुणी वापरत नाही ते सोडा.

यादीतला राहिला तो माग काढणाऱ्याचा चाकू. सुरी भेट दिली की मैत्री कापली जाते, असं युरोपात मानतात. त्यावर उतारा म्हणून घेणारा एखादं नाणं परत देतो. म्हणजे भेट न राहता तो सौदा होतो, आणि दोघांची मान ताठ राहते. चाकू मी मुद्दाम इथेच घेतला, कारण त्यावर नाव घालायचं होतं, आणि त्या कामात आपला हात जगात कुणी धरणार नाही. लग्नातल्या पातेल्यांवर आपण गेली कित्येक दशकं हेच करतोय. फक्त आपल्या पातेल्यावर घेणारा 'चि. सौ. कां.' एवढ्यात आटोपतो आणि देणारा काठाला वळसा घालून सहकुटुंब सहपरिवार येतो.

भांड्यांच्या दुकानातल्या कारागिराने चाकू उलटसुलट पाहिला, कागदावरचं परकं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि सुबक घातलं. मग मशीन बंद न करताच विचारलं, "आता खाली कोणाकडून टाकू?"

म्हटलं, "कोणाकडून नाही. एवढंच."

"एवढंच? मग दिलं कोणी ते कळणार कसं?"

"ज्याला दिलंय त्याला ठाऊक असेल."

त्याने माझ्याकडे, मग चाकूच्या त्या रिकाम्या पात्याकडे पाहिलं. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत एवढी जागा कुणी वाया घालवली नसावी. "बघा साहेब," तो शेवटचा प्रयत्न म्हणून हळूच म्हणाला, "अक्षरांचे पैसे घेत नाही. निदान 'सप्रेम भेट' तरी टाकू द्या."