टर्मिनलनिष्ठाचे सोवळे

लिनक्स वापरणारा प्रत्येक जण टर्मिनलनिष्ठ असतोच असे नाही; ही संज्ञा त्याच गृहस्थाला लावावी, जो काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून यंत्राचा सगळा कारभार हाकतो, माउसला शिवत नाही, आणि शिवावेच लागले तर एकादशीला चुकून कांदा खाल्ल्यासारखा चेहरा करतो. त्याचा गाभारा म्हणजे 'एटसी' ही डिरेक्टरी. 'इत्यादी' अशा अर्थाच्या या नावावरून ती अडगळीची खोली वाटावी, परंतु यंत्राचे नाव, वापरकर्त्यांची यादी, कोणती डिस्क कोठे जोडायची याची नोंद, असे घरातले सगळे दप्तर तेथेच साध्या मजकुराच्या फायलींत ठेवलेले असते.

पंढरपुरास मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी; हाच भेद हा गृहस्थ फाइल पाहणे आणि फाइल बदलणे यांत कटाक्षाने पाळतो. पाहण्यासाठी असलेली 'कॅट' ही आज्ञा अख्खी फाइल एका दमात पडद्यावर ओतते, त्यामुळे हजार ओळींच्या फायलीचे शेपूट तेवढे हाती लागते. म्हणून जाणता मनुष्य 'लेस' वापरतो. पानापानाने फाइल दाखवणाऱ्या 'मोर' या जुन्या आज्ञेत मागे फिरण्याची सोय तोकडी होती, ती उणीव भरून काढणारा प्रोग्राम मार्क न्यूडेलमन यांनी १९८०च्या दशकात लिहिला, आणि 'मोर'वरची कोटी म्हणून तो 'लेस' झाला. ही कोटी टर्मिनलनिष्ठ प्रत्येक नवशिक्याला एकदा, आणि तो विसरला असेल या सद्हेतूने पुन्हा एकदा, समजावून सांगतो. यंत्र स्वतःच्या उद्योगांची जी नोंदवही लिहीत असते, त्या लॉगच्या तळाशी येणारी नवी ओळ 'टेल' ही आज्ञा सतत दाखवू शकते; ते तो तास तास पाहतो, त्यातून त्याला काही उमगते असे नाही, पण पाहण्याच्या ढंगावरून भोवतालच्यांचा तसा समज होतो.

स्पर्शाची वेळ आली की 'सुडो'. 'रूट' या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे अधिकार एका आज्ञेपुरते मिळवून देणारी ही सोय म्हणजे सोवळे नेसण्याचाच प्रकार, फक्त कदाऐवजी पासवर्ड लागतो, आणि तो टंकताना पडद्यावर बहुधा एक चांदणीही उमटत नसल्याने नवखा कीबोर्ड बिघडल्याची तक्रार करतो. संपादनासाठी 'विम' उघडला जातो, जो बिल जॉय यांनी १९७६ साली बर्कलीत लिहिलेल्या 'व्हीआय'चा वारस होय. त्यात मजकूर लिहिण्याची अवस्था निराळी आणि आज्ञा देण्याची निराळी, शिवाय कर्सर एच, जे, के, एल या कळांनी हलवायचा, कारण जॉय यांच्यापुढच्या टर्मिनलवर बाण याच कळांवर छापलेले होते. अर्ध्या शतकापूर्वीच्या कीबोर्डाची ही तडजोड आता कुळाचार झाली आहे. बाहेर पडण्याचा मंत्र (एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू) ठाऊक नसल्याने यंत्राचे बटणच बंद करणाऱ्यांच्या कथा तो रंगवून सांगतो, आणि पडद्याच्या तळाशी मुख्य कळा लिहून ठेवणाऱ्या 'नॅनो' या सालस संपादकाचा उल्लेख पांगुळगाडा म्हणून करतो.

या वीराचा खरा स्वभाव मात्र 'एफएसटॅब' उघडताना दिसतो. डिस्कांच्या जोडणीची ही फाइल; तीत एक ओळ चुकली, तर पुढच्या खेपेस यंत्र सुरू होता होता आणीबाणीच्या अवस्थेत अडकून बसण्याचा संभव असतो. म्हणून आधी तिची 'बॅक' नावाची प्रत निघते. त्या नावाची एक पूर्वीचीच असते, म्हणून 'बॅक२', मग 'जुनी', मग 'जुनी-खरी', आणि यांतली चालणारी कोणती हे काही महिन्यांनी त्यालाही सांगता येत नाही. बदल असतो एका शब्दाचा, पण तो तीनदा वाचला जातो, आणि मग 'माउंट'ला 'ए' जोडून सगळ्या डिस्का जागच्या जागी जोडल्या जातात की नाही, हे आताच ताडून पाहिले जाते. एवढे करूनही दूरच्या सर्व्हरला पुन्हा सुरू होण्याची आज्ञा दिल्यावर तो जागा झाला का, हे विचारणारा 'पिंग' पडद्यावर एकेक निरुत्तर क्षण मोजू लागतो, तेव्हा चहा निवतो, बोलणे थांबते, आणि त्याचा उजवा हात नकळत टेबलावरच्या माउसवर जाऊन त्याला उगाच गोल गोल फिरवत राहतो.