तयारीभाऊ

तयारीभाऊ सध्या काय करतो, असं बोदवडात कुणालाही विचारा. उत्तर एकच: तयारी. तलाठी, पोलीस भरती, वनरक्षक, रेल्वेची ग्रुप डी. जाहिरात निघाली की हा भुसावळहून पुस्तक आणतो, कोरी वही घेतो, समास आखतो आणि पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो. निकालाचं विचारायचं नसतं. लग्नाचं विचारलं तर म्हणतो, “ही एवढी तयारी होऊ द्या.”

यंदा मलकापूर रस्त्याच्या एका परमिट रूमला हेल्पर हवा होता. म्हणजे ग्लास विसळायचे, बर्फ फोडायचा, क्रेट उतरवायचे, टेबलावर चकणा नेऊन ठेवायचा. चुलत्याने शब्द टाकला. शेठ म्हणाले, “सोमवारी पाठवा, बघू.” त्या ‘बघू’ला तयारीभाऊने मुलाखत मानलं आणि वही आणली.

गडी थेंबालाही न शिवलेला. घर माळकरी, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूर गाठणारं. पण मी गेलो तेव्हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ त्याला तोंडपाठ झालेला. “नाना, विचारा काहीही.” मी काय विचारणार, कपाळ! त्यानेच सुरू केलं. बिअर-वाइनला वय २१, बाकी दारूला २५. प्यायलाही परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा तहहयात. ‘तहहयात’ म्हणताना त्याचा आवाज कीर्तनकारासारखा खाली आला. आषाढीला ड्राय डे, ही नोंद लाल शाईने होती. एकादशीचा उपास तरी निवांत होईल, म्हणून. (दारूबंदीच्या कायद्याखाली दारूचे परवाने देणारं सरकार समजून घ्यायचं तर वही लागणारच, यात मीही त्याच्या बाजूचा.)

खरी अडचण गणितात होती. क्वार्टर १८० मिलीची, त्यात साठचे तीन पेग बरोब्बर बसतात. पण खंबा ७५०चा. साठचे बारा काढले की तीस मिली उरतात. त्या तिसाने त्याची झोप उडवली. ते कुणाचे? शेठचे, गिऱ्हाइकाचे, की सरकारजमा? रात्री अकराला फोन.

“बाप्पा, हेल्परच्या हाती खंबा देतंय कोण?”

“तोंडी परीक्षेत काहीही विचारतात, नाना.”

प्रात्यक्षिक घरीच चाललं. परातीत पाण्याने भरलेले पेले ठेवून एका हातावर ओसरीतून ये-जा. आई दाराशी उभी. “हंडा उचल म्हटलं की याची कंबर दुखे.”

सोमवारी पांढरा शर्ट, फायलीत दहावीपासूनच्या साक्षांकित झेरॉक्स. शेठ गल्ल्यावर शेवभाजीत भाकरी चुरत बसलेले. फाइल त्यांनी उघडलीच नाही.

“वय?”

“सव्वीस.”

“मोरीत ग्लास पडलेत, विसळ.”

विसळले.

“नोकरनाम्याले आधार अन् फोटो आणून दे. उद्यापासून ये.”

झालं! कायदा नाही, गणित नाही, परात नाही. इतका अभ्यास वाया गेलेला तयारीभाऊच्याने बघवेना. दारापर्यंत गेलेला तो परत फिरला.

“शेठ, एक विचारू? खंब्यात साठचे बारा झाल्यावर ते तीस कुठे जातात?”

शेठचा घास हातातच राहिला. त्यांनी काउंटरवरच्या पोराकडे पाहिलं, पोराने छताकडे.

“कोनं सांगितलं तुले?”

“कुणी नाही. मीच हिशोब केला.”

शेठनी हात धुतले, तयारीभाऊला बाजूला नेलं आणि पगारात पाचशे रुपये वाढवून दिले. वर हे कुठं बोलू नको, असंही सांगितलं.

तयारीभाऊ म्हणतो, तयारी पक्की असली की शेठ लोक ओळखतात.